मागं कोण बसन?

लोक आधी गाडी घेतात आणि मग प्रवासाला निघतात. माझं उलटं झालं. गाडी शोधण्यातच माझे सहा दिवस गेले, चंद्रपूर आणि गडचिरोली असे दोन जिल्हे पायाखालून गेले आणि कमरेला चोळायच्या मलमाची एक अख्खी ट्यूब संपली. हे वर्णन त्या सहा दिवसांचं. यात वाघ नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण चंद्रपूर म्हटलं की बाहेरचे लोक दुसरं काही विचारतच नाहीत.

मी चोपन्न वर्षांची. सरकारी दवाखान्यात एकोणतीस वर्षं स्टाफ नर्स होते, म्हणून गावात अजूनही सगळे मला सिस्टरच म्हणतात. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारेही आता थकलेत. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मुदतीआधीच नोकरी सोडली. गेल्या श्रावणात आई गेली. तिची कूस दर दोन तासांनी बदलावी लागायची. ती गेल्यावरही तीन महिने मला रात्री दर दोन तासांनी जाग येत होती, आणि जाग आल्यावर करायला काहीच नसायचं.

माझा धाकटा भाऊ मिलिंद पुण्यात असतो. त्याने त्याच्या फ्लॅटमधली एक खोली माझ्यासाठी रिकामी केली, पलंग टाकला आणि फोटो पाठवला. ‘ताई, एवढ्या मोठ्या घरात एकटी काय करतेस? इकडे ये. रविवारपर्यंत सांग, म्हणजे मी तिकिटाचं बघतो.’ त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. पण फोटोतल्या त्या खोलीकडे पाहिलं की मी मोबाइल पालथा ठेवायचे. एकदा तिथे गेले की मी त्या खोलीतलीच होणार, हे मला दिसत होतं.

मला फिरायचं होतं. नोकरीत असताना सुरुवातीची सहा वर्षं मी गोंडपिपरीकडच्या गावांत लसीकरणाला जायचे, बाबांच्या गिअरच्या मोटारसायकलवर. तेव्हा पाहिलेले जंगलातले फाटे कुठे जातात हे पाहायचं राहूनच गेलं होतं. आता स्कूटर होती, पण तीस किलोमीटर झाले की कंबर ओरडायची. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ‘पुढे वाकून बसायचं नाही. खुर्चीत बसल्यासारखं बसा, पाय थोडे पुढे.’ ते घरातल्या बसण्याबद्दल बोलत होते. मी घरी येऊन मोबाइलवर खुर्चीसारखं बसता येणारी मोटारसायकल शोधली. तिला क्रूझर म्हणतात असं कळलं. सीट बुटकी, हँडल आपल्याकडे आलेलं, पाय पुढे. नवी घेणं जमणार नव्हतं, म्हणून जुनी.

मग मी स्वतःशीच एक अट घातली. रविवारपर्यंत माझ्या कमरेला मानवेल अशी गाडी मिळाली तर इथेच राहायचं आणि फिरायचं. नाही मिळाली तर पुण्याला जायचं. आयुष्याचा निर्णय एका मोटारसायकलवर टाकणं पोरकटपणाचं होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझं मला ठरवता येत नव्हतं.

चंद्रपूर, सोमवार

पहिल्यांदा गेले ती रफीकभाईंकडे. जटपुरा गेटच्या अलीकडे त्यांचं सीट शिवायचं दुकान आहे. रिक्षापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांच्या सीटा तिथे येतात. त्यांच्या तिन्ही मुली आमच्या वॉर्डात जन्मल्या, त्यामुळे मला तिथे स्टूल मिळतं आणि चहा मागावा लागत नाही.

‘इंजिन पाहाले मेकॅनिक न्या,’ रफीकभाई म्हणाले. ‘पण पह्यले सीट पाहा. सीट झूठ बोलत नाई.’ त्यांनी दुरुस्तीला आलेली एक सीट ओढली, कव्हर काढलं आणि पिवळा पडलेला फोम माझ्यासमोर ठेवला. डावीकडे खड्डा होता, उजवीकडे जवळजवळ नव्हता. ‘ह्या माणसाचा उजवा गुडघा दुखते. उजव्या बाजूले वजनच नाई टाकत.’ मग दुसरी सीट. ‘हा पुढं सरकून बसते. हात आखूड, हँडल लांब पडते. त्याले गाडी फिट नाई, पण त्याले माहीत नाई.’ मी एकोणतीस वर्षं माणसं तपासली, पण माणूस समोर नसताना निदान करणारा हा पहिलाच भेटला.

त्यांनी मला मूठ दाबून पाहायला शिकवलं. मूठ वळायची, फोमवर सरळ दाबायची आणि सोडायची. फोम लगेच वर आला तर जिवंत. हळूहळू आला तर अजून दोन वर्षं. आलाच नाही तर फोम मेला, गाडी किती का चांगली असेना. दुसरी गोष्ट, गेल्या गेल्या इंजिनावर तळहात ठेवायचा. गरम लागलं तर मालकाने आपण यायच्या आधी चालू करून ठेवली आहे, म्हणजे थंड असताना ती सुरू व्हायला कुरकुरते. तिसरी गोष्ट, बसल्यावर दोन्ही टाचा जमिनीला लागल्या पाहिजेत. माझी उंची पाच फूट एक इंच, त्यामुळे ही तिसरी गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली.

‘अन् मागची सीटबी दाबून पाहा,’ ते म्हणाले. ‘समोरची सीट मालकाचं सांगते. मागची त्याच्या घरचं सांगते.’ मग सहज विचारावं तसं त्यांनी विचारलं, ‘तुमच्या मागं कोण बसन?’

‘कोणी नाई.’

‘मंग मागची सीट काढून देऊ? कॅरिअर लावून देतो. सामानाले बरं राहीन.’

त्यांनी हे अगदी चांगल्या मनाने म्हटलं. मी ‘पाहू’ म्हणाले आणि चहा संपवला. घरी येईपर्यंत मला त्या कॅरिअरचा राग येत होता.

घुग्घुस, मंगळवार

घुग्घुसला स्कूटरने गेले. रस्त्यावर कोळशाचे ट्रक, ट्रकांमागे धूळ आणि धुळीमागे आपण. पाळी सुटायची वेळ होती. खाणीतली माणसं तोंडाला दुपट्टे बांधून मोटारसायकलींवर घरी चालली होती, आणि दुपट्ट्याच्या वर सगळ्यांचे डोळे सारखेच काजळ घातल्यासारखे दिसत होते.

गाडीचा मालक खाणीत डंपर चालवायचा. त्याची बायको दर पाच मिनिटांनी येऊन पदराने सीट पुसत होती. पुसली की पाच मिनिटांत पुन्हा काळी. इंजिन थंड होतं, माणूस प्रामाणिक होता. टाचा टेकल्या. मी मुठीने समोरची सीट दाबली, मग मागची. मागची समोरच्याहून जास्त बसलेली होती, आणि तिच्यात दोन खड्डे होते, एक मोठा आणि त्यापुढे एक लहान. बायको हसली. ‘मी अन् मायी पोरगी. टाकीवर लहानी बसते. आता मोठ्या झाल्या जी, मावत नाई, म्हणून इकून राह्यलो.’

मी गाडी रेल्वे फाटकापर्यंत नेऊन आणली. कंबर काही बोलली नाही. पण परत येताना वेग कमी केला की पुढचा शॉकअप खाली बसत होता आणि त्याच्या नळीवरून तेल ओघळलेलं दिसत होतं. धुळीने आतलं रबर खाल्लं होतं. ते बदलता येतं, मेकॅनिक बदलून देतात. तरी मी नाही म्हणाले. खरं कारण शॉकअप नव्हतंच. त्या सीटवर बसल्यावर मी सारखी मागे घसरत होते, त्या दोघींच्या जागेत. दुसऱ्याच्या घरात आपण चुकून स्वयंपाकघरापर्यंत जावं आणि मग तिथेच उभं राहावं, तसं मला वाटत होतं.

बाईने पोहे केले होते, वर झणझणीत तर्री. खाताना तिने विचारलं, ‘सिस्टर, तुमी एकट्या बसान काय एवढ्या मोठ्या गाडीवर?’ मी हो म्हटलं. तिने माझ्या ताटात आणखी पोहे वाढले. तिला माझी कीव आली होती. त्या पोह्यांची चव चांगली होती, पण मी ते भरभर संपवून उठले.

पोंभुर्णा, गुरुवार

बुधवारी स्कूटरच्या प्रवासाने कंबर धरली म्हणून मी गरम पाण्याची पिशवी घेऊन दिवसभर पडून होते. दुपारी मिलिंदने खोलीचा आणखी एक फोटो पाठवला. खिडकीला नवा पडदा लागला होता, फिक्या निळ्या रंगाचा. मी ‘छान’ असं लिहिलं. त्या दिवशी दुसऱ्या कोणाशी एक शब्दही बोलले नाही. संध्याकाळी दूधवाल्याने हाक मारली तेव्हा माझा आवाज फाटला, इतका तो दिवसभर वापरलेला नव्हता.

गुरुवारी एसटीने पोंभुर्ण्याला गेले. मूल गावाच्या रस्त्याने साग आणि बांबू सुरू होतो. फेब्रुवारी असल्यामुळे सागाची पानं गळून रस्त्याकडेला ढीग झाले होते, आणि पळस नुकताच फुलायला लागला होता. खिडकीशी बसून मी प्रत्येक फाटा वाचत होते.

इथला मालक झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवणारा. दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नवं गाव, म्हणून त्याला आरामाची गाडी लागायची. माणूस हौशी निघाला. हँडल त्याने खांद्याएवढं उंच करून घेतलं होतं, पाय ठेवायचे दांडे पार पुढे नेले होते, आणि सायलेन्सर असा लावला होता की गाडी सुरू होताच समोरच्या छपरावरचं माकड उठून निघून गेलं.

‘लांबच्या पल्ल्याले मस्त हाये,’ तो म्हणाला. त्याच्यासाठी ती मस्त असणारच. तो सहा फुटांचा होता. माझे पाय पुढच्या दांड्यांपर्यंत पोचता पोचता मी सीटवर जवळजवळ आडवी झाले. तरी हट्टाने निघाले. तहसील कार्यालयासमोर वळवताना पाय टेकायला गेले, तिथे बारीक गिट्टी होती. गाडी हळूच, अगदी सावकाश, डावीकडे झुकली आणि तिच्याबरोबर मीही. शंभर माणसांसमोर मी मोटारसायकलीशेजारी रस्त्यावर बसले होते.

मालक धावत आला. मी आरसा मोडला का ते पाहत होते. तो म्हणाला, ‘गाडी राहू द्या जी. तुमी उठा पह्यले.’ त्याने मला उठवलं, घोट्यावर पाणी ओतलं आणि आरशाचं नावही काढलं नाही. वर म्हणाला, ‘तुमच्या मागं कोणी बसलं असतं त त्यानं पाय टेकवला असता.’ पडताना माझ्या मनाचा तोल गेला नव्हता, पण ते ऐकून जरा गेला. एसटीत परत येताना मी ठरवून टाकलं की शनिवारी जाहिरातीतली शेवटची, चामोर्शीची गाडी पाहायची आणि मग मिलिंदला तिकीट काढायला सांगायचं.

चामोर्शी, शनिवार

चामोर्शीच्या जाहिरातीत एकच ओळ होती: ‘सिंगल हँड, आरामदायी, पाहून घ्यावी.’ सिंगल हँड म्हणजे एकाच मालकाने वापरलेली. हरणघाटच्या पुलावरून वैनगंगा ओलांडली की गडचिरोली जिल्हा लागतो. धान कापून झालेलं, आणि त्याच बांध्यांत लाखोळीचं कडधान्य निळ्या फुलांवर आलेलं. स्टँडवर मालक स्वतः उभे होते. मडावी सर, आश्रमशाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक, वय सत्तरीच्या आसपास, डोळ्यांवर जाड काळसर चष्मा. ‘काचबिंदू,’ त्यांनी स्वतःच सांगितलं. ‘बाजूचं दिसत नाई आता. डॉक्टर म्हणले गाडी बंद. म्हणून इकतो.’

गाडी घरामागच्या पडवीत होती, जुन्या धोतरांची खोळ शिवून तिच्यावर घातलेली. त्यांनी खोळ काढली. काळी, जड, बुटकी गाडी. कुठे चकाकी नाही आणि कुठे गंजही नाही. इंजिन थंड. टायर मागच्याच वर्षी बदललेले. पहिल्याच बटणाला सुरू झाली आणि कुरकुर न करता चालत राहिली. दोन्ही टाचा टेकल्या.

समोरची सीट मुठीने दाबली. खड्डा खोल, पण दोन्ही बाजूंनी अगदी सारखा. सरळ बसणाऱ्या माणसाचा. मग मी मागच्या सीटवर मूठ ठेवली. मूठ आत जाईचना. फोम कारखान्यातून आला तसाच कडक होता, कव्हरची शिवणसुद्धा फुगलेली होती. मी पुन्हा दाबलं. सर ऐकत होते.

‘सर, मागं कोणीच नाही बसलं?’

‘नाई.’

‘किती वर्षं झाली गाडीला?’

‘बारा.’

मी मूठ काढून घेतली. तेच म्हणाले, ‘मनाई नव्हती कोणाले. मी बोलावलंच नाई.’

गाडी चालवून पाहायची तर मार्कंड्यापर्यंत न्या, असं त्यांनी सुचवलं. नऊ-दहा किलोमीटर, रस्ता बरा. मग म्हणाले, ‘मी येतो.’ मी विचारलं, कसे? तर म्हणाले, ‘मागं बसतो.’ पण मागच्या माणसाने पाय ठेवायचे दांडे उघडेचनात. बारा वर्षं मिटलेले राहून ते गंजाने तिथेच जाम झाले होते. सरांनी घासलेट आणलं, मी दगड घेतला. पंधरा मिनिटं ठोकल्यावर एक उघडला, मग दुसरा.

ते बसले. हातांचं काय करावं हे त्यांना कळत नव्हतं. आधी मांडीवर ठेवले, मग मागची दांडी पकडली. चामोर्शीच्या चौकातून आम्ही गेलो तेव्हा पानठेल्यावर सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटणारा माणूस घोटायचा थांबला. बाई समोर आणि मडावी मास्तर मागे, हे दृश्य गावाने पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, ‘सर, लोक पाहतात.’ मागून आवाज आला, ‘पाहू द्या जी. मले कोणासोबत पाह्यलंच नाई त्याईनं.’

गाडी चालत होती आणि माझी कंबर शांत होती. पाठ सरळ, हात मोकळे, पाय जरासे पुढे. मला वाटलं मी अशीच सिरोंच्यापर्यंत जाऊ शकेन, जिथे नद्या मिळतात आणि लोक तेलुगू बोलतात. अट पूर्ण झाली होती. मला आनंद व्हायला हवा होता, पण त्या कडक सीटचा स्पर्श अजून मुठीत होता. मी जे आयुष्य मागत होते ते बारा वर्षांनी कसं दिसतं, हे मी नुकतंच दाबून पाहिलं होतं.

मार्कंड्याला वैनगंगा रुंद होते. महाशिवरात्रीच्या जत्रेला अजून आठ-दहा दिवस होते, दुकानांचे बांबू रोवणं चाललं होतं. काळ्या दगडांची देवळं पाहून आम्ही घाटाच्या पायऱ्यांवर बसलो. मी बौद्ध घरातली, देवाला हात जोडायची मला सवय नाही. सरही बाहेरच बसले. पण नदी आणि वाळू कोणाचीही असते. मी विचारलं, एवढे फिरलात, कधी अपघात वगैरे?

‘एकडाव.’ आलापल्लीच्या पुढे, भामरागडच्या रस्त्यावर. समोर अचानक रानडुक्कर आलं. गाडी घसरली, गळपट्टीचं हाड मोडलं. दुपारभर ते रस्त्याकडेला पडून होते. जळण आणायला गेलेल्या माडिया आदिवासी बायांनी त्यांना पाहिलं, सावलीत ओढलं, पाणी पाजलं, एका जीपला थांबवलं. ‘दवाखान्यात नर्सबाईनं विचारलं, कोणाले फोन करू? मले नंबरच आठवेना. कोणाचा नंबर असता त आठवला असता. बाई पेन घेऊन उभी. मले लाज वाटली जी. म्हणून मी माह्याच घरचा नंबर सांगतला. घरी तवा लँडलाइन होता. तिनं लावला. माह्यासमोर लावला. वाजून राह्यला, वाजून राह्यला. बाई म्हणे, कोणी उचलत नाई. मी म्हणलो, शेतावर गेले असतीन.’

तो प्रश्न माझा होता. ‘नातेवाईक कोण, नंबर सांगा,’ हे मी एकोणतीस वर्षं पेन घेऊन विचारत आले. कधी कधी फोन नुसताच वाजत राहायचा. मग आम्ही त्या रकान्यात रेघ मारायचो आणि पुढच्या खाटेकडे जायचो. ते नंबर कुठे वाजत होते, याचा विचार मी एकदाही केला नव्हता.

‘तुमचं कोणीच नव्हतं?’

‘भाऊ होता. हाये. एटापल्लीले. भांडण नाई, काई नाई. दोन-तीनदा न सांगता गेलो, मंग न सांगायचीच सवय पडली. मंग लई वर्षं झाले, अन् मंग सांगाची लाज वाटाले लागली.’

मग मी त्यांना मिलिंदचं सांगितलं, खोलीचं आणि पडद्याचंही. एका अनोळखी माणसाला मी विचारलं, ‘सर, जाऊ का मी पुण्याला?’

‘तुमाले जावं वाटते?’

‘नाही.’

‘मंग मले काऊन विचारून राह्यल्या?’ ते नदीकडे पाहत होते, नाहीतर निदान तिकडे तोंड करून होते. ‘एकटं राहाणं येगळं, बाई, अन् कोणाले न सांगता राहाणं येगळं. मले दोन्ही एकच वाटलं. तेवढी चूक झाली.’

घरी परतल्यावर त्यांनी जेवायला बसवलं. भात, लाखोळीची डाळ आणि सुक्या झिंग्यांची चटणी. आमच्याकडे आधी पोळी आणि मग भात. इथे भातापासून सुरुवात आणि भातावरच शेवट. फळीवर ताट एकच होतं. दुसरं त्यांनी पेटीच्या तळातून काढलं, धुतलं आणि मला दिलं. भिंतीवर त्यांनी स्वतः काढलेला जिल्ह्याचा नकाशा होता. प्रत्येक प्रवासाची लाल रेघ, कोरचीपासून सिरोंच्यापर्यंत. सगळ्या रेघा त्यांच्या घरापासून निघत होत्या.

मी म्हटलं, गाडी घेते.

तहसीलीसमोर एजंटाची टपरी होती. तो मालकी बदलण्याचे फॉर्म भरत होता आणि सोबत विम्याचा. नाव, पत्ता, वय. मग न पाहताच म्हणाला, ‘नॉमिनी?’

आजवर प्रत्येक फॉर्मवर मी आईचं नाव लिहीत आले होते, नोकरीच्या, बँकेच्या, सगळ्या. तोंडून तेच नाव येऊ लागलं आणि मी थांबले. एजंटाने पेन उचलून धरलं. माझ्या बाजूला मडावी सर बसले होते, आणि त्यांनी मान खाली घातली. मी म्हणाले, एक मिनिट, आणि मिलिंदला फोन लावला.

‘तुझी जन्मतारीख सांग. आधारवरची.’

‘काऊन?’

‘विम्याच्या फॉर्मले पाह्यजे.’

‘म्हणजे गाडी घेतली.’

‘घेतली.’

‘म्हणजे तू येत नाई.’

‘राहाले नाई येत. भेटाले येईन.’ समोर एजंट बसला होता, पण मी बोलले. ‘मिलिंद, मले भीती वाटते रे. एकटं राहाची नाई, तशीच विसरली जाईन याची. निघताना तुले सांगत जाईन. चालन काय?’

‘निघताना नको सांगू,’ तो चिडून म्हणाला. ‘दिवसभर जीव टांगणीले लागते माहा. पोचल्यावर सांग.’ मग त्याने जन्मतारीख सांगितली, एजंटाला नीट लिहिता यावी म्हणून दोनदा.

‘नातं?’ एजंटाने विचारलं.

‘भाऊ,’ मी म्हणाले, आणि त्याने लिहिलं.

निघताना मी सरांचा मोबाइल मागून घेऊन त्यात माझा नंबर टाकला. त्यांना बारीक अक्षरं दिसत नाहीत, म्हणून तोच एका कागदावरही मोठ्या आकड्यांत लिहून नकाशाशेजारी चिकटवला. म्हटलं, ‘सर, आता कोणी विचारलं त हा सांगजा. अन् एटापल्लीले कवा जायचं ते मले कळवा. मागं जागा हाये.’ गाडीच्या टाकीवर त्यांनी एकदा तळहात ठेवला, इंजिन थंड आहे का पाहतात तसा, आणि मागे सरकले.

हरणघाट, मूल, मग ताडोबाच्या कडेने चंद्रपूर. ऐंशी किलोमीटरच्या आसपास, एकदाच थांबले. कंबर दुखली नाही. मध्ये बराच वेळ मी एकटीच होते, समोर रस्ता आणि दोन्हीकडे वाळलेला साग, आणि मला रडू येत होतं. थांबून रडावं असं नव्हतं, चालता चालता येत होतं, आणि हेल्मेटमध्ये कोणाला दिसत नाही. उन्हं उतरता उतरता घरी पोचले. कुलूप उघडलं, आत गेले, दिवा लावला. घर जसं सोडलं होतं तसंच होतं.

मिलिंदला फोन लावला तर त्याचा फोन व्यस्त. पुन्हा लावला, व्यस्त. तिसऱ्यांदाही तेच. मनात आलं, एवढ्यात विसरलासुद्धा. फोन खाली ठेवला आणि चपला काढत होते, तोवर तो वाजला.

‘दहा मिनिटांपासून लावून राह्यलो,’ मिलिंद ओरडला. ‘एंगेज, एंगेज. कोणासोबत बोलून राह्यली एवढं?’

‘तुलेच लावत होती,’ मी म्हणाले. ‘पोचली.’